नाव घ्या, लेखक

या लेखाला पहिला परिच्छेद नाही. होता, चांगला ऐसपैस होता. त्यात गुरूची महती होती आणि समईचा उजेडही होता. तो कापला गेला. कोणी कापला ते पुढे येईलच, पण आमच्या सरांच्या हाताखालून गेलेल्या कोणालाही ते सांगायची गरज नाही. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक पोरापोरीच्या पहिल्या निबंधाचा पहिला परिच्छेद सर कापत. खोडत नसत, कापत. मिशा कोरायला वापरतात तसली छोटी कात्री त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात पेनाशेजारी असायची. कापलेला तुकडा ते ज्याचा त्याला अदबीने परत देत आणि म्हणत, "हे आंगन झाडनं झालं. लय चांगलं झाडलं. आता घरात या."

मी अकोल्याची. शाळेत निबंधाला पहिला नंबर माझा ठरलेला. आमच्या बाईंनी आम्हाला निबंध शिकवला होता तो असा: आरंभी सुभाषित, मध्ये फायदे आणि तोटे, शेवटी 'थोडक्यात सांगायचे तर'. या भांडवलावर मी कॉलेजात पाऊल टाकलं होतं. पहिला निबंध सरांच्या टेबलावर ठेवताना मी मनातल्या मनात शाबासकीसुद्धा घेऊन टाकली होती. त्यांनी आधी सुभाषित कापलं. मग 'थोडक्यात सांगायचे तर' कापलं. उरलेल्या मधल्या भागावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे कोन म्हन्ते?"

"सर, गाईड," मी म्हटलं.

"गाईडले कोनं सांगतलं?"

 कात्री पुन्हा चालली. शेवटी माझ्या हातात कागदाची एक बारीक पट्टी आली. तिच्यावर माझं नाव आणि रोल नंबर होता.

"एवढं खरं हाय," सर म्हणाले. "अथून सुरू करा, लेखक."

आम्हा सगळ्यांना ते लेखक म्हणत. मुलगा असो, मुलगी असो, दाढी न फुटलेला असो की दोनदा नापास झालेला असो. 'बोला लेखक', 'बसा लेखक', 'लेखक, खिडकी लावा'. त्या दिवशी मी रागाने लाल झाले होते. वसतिगृहात जाऊन मी ती पट्टी चुरगाळून फेकून दिली आणि या माणसाच्या नावाने बोटं मोडली. मैत्रीण म्हणाली, त्यांना सगळे कात्रीच म्हणतात. तेही सरांना माहीत होतं. एकदा वर्गात त्यांनी विचारलं, "कात्री म्हनता ना मले? पयल्यांदा कोन म्हने? नाव सांगा ना त्याचं. शब्द चांगला हाय, बिचाऱ्याचं श्रेय काहून खाता?"

हा माणूस जगातली कुठलीच गोष्ट स्वतःच्या अंगावर घेत नसे. किती वाजले म्हणून विचारलं तर मनगटाकडे बघून म्हणायचे, "घड्याळ म्हन्ते पावने अकरा." विनोद सांगितला आणि आम्ही हसलो की लगेच खुलासा: "हा माया मामाचा हाय. मी नुसता वाहून आनला." चहाच्या टपरीवर नेलं तर ती टपरी त्यांना प्रथम कोणी दाखवली, तो माणूस आता कुठे असतो, हे चहा येईपर्यंत कळायचं. हिवाळ्यात वरूडची संत्री पिशवीभर आणून वाटायचे आणि वाटता वाटता म्हणायचे, "बागवाला म्हन्ते गोड हायेत. मी आजून खाल्लं नाई." पुण्यामुंबईकडून बदलून आलेले प्राध्यापक त्यांना चक्रम म्हणायचे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. पण नक्कल करता करता असं झालं की मेसमध्ये भाजी खारट आहे म्हणायच्या आधी मी ती चाखून बघायला लागले.

त्यांचा कायदा साधा होता. "पाह्यलं असन तं पाह्यलं म्हना. ऐकलं असन तं कोनाचं थे सांगा. वाचलं असन तं पान सांगा. आन् सोताच्या डोक्यातून निंगालं असन तं छाती ठोकून 'मी' म्हना. पन तसं निंगते कवा? सालभरात एखांदं वाक्य निंगालं तं पेढे वाटा." एका पोराने खरोखरच पेढे आणले. सरांनी अर्धा पेढा तोंडात टाकला आणि ते वाक्य ऐकवायला सांगितलं. पोराने ऐकवलं. सरांनी दोन-चार प्रश्न विचारले, तेव्हा असं निघालं की ते वाक्य त्याचा आजा बैलांशी बोलताना म्हणायचा. सरांनी उरलेला अर्धा पेढा कागदात बांधला आणि पोराच्या हातात दिला. "हा आज्याले द्या," म्हणाले.

सर स्वतः वर्गात अस्सल वऱ्हाडी बोलायचे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण लिखाणात 'मले-तुले' दिसलं की त्याभोवती गोल. माझी तर दुहेरी पंचाईत. घरात आमची हिंदी आणि वऱ्हाडीची खिचडी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि डोकं कुठल्या भाषेत चालतं हे माझं मलाच माहीत नाही. एकदा मी धीर करून विचारलं, सर, तुम्ही असं बोलता आणि आम्ही तसं लिहायचं, हा कुठला न्याय? ते रागावले नाहीत. म्हणाले, "बोलनं म्हंजे आपलं घर. लेहेनं म्हंजे पाहुन्याच्या घरी जानं. तथी सदरा घालूनच जा लागते. पन सदऱ्याच्या आंत मानूस बदलला, तं पाहुना गेलाच नाई म्हना." हे वाक्य मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना सांगते आणि कोणाचं ते न चुकता सांगते.

आणि मग ते 'नाव घ्या'. लग्नात नवरीला घेरून बाया कशा ओरडतात, तसं. वर्गात कोणी निबंध वाचताना 'असे म्हणतात की' किंवा 'सर्वांना माहीतच आहे की' म्हणालं की सर डोळे मिटून म्हणायचे, "नाव घ्या, लेखक." की सगळा वर्ग बाकं बडवून सुरू: नाव घ्या, नाव घ्या! मुली लाजायच्या, मुलं घाम पुसायची. नाव घेतल्याशिवाय पुढच्या वाक्याला जाता येत नसे. सर म्हणायचे, ज्याचं आहे त्याचं नाव ऐटीत घ्यावं, त्यात लाजायचं काय?

ती वर्षं आमच्या भागाची वाईट होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची. गावोगाव फॉर्म भरून घेणारे लोक फिरायचे, फोटो काढायचे, जीपमधून निघून जायचे. वार्षिक प्रकल्पासाठी अर्ध्याहून जास्त वर्गाने एकच विषय आणला, आणि सगळ्यांची वाक्यं सारखी, पेपरातून उचललेली. सरांनी त्या दिवशी कात्री बाहेरच काढली नाही. म्हणाले, "ज्याच्या दारात उभं राहाची आपली हिंमत नाई, त्याच्या मरनावर मार्क मांगू नका. आपल्या गल्लीत जा. तथी काय चालून राह्यलं थे पाहा आन् थे लेहा."

माझी गल्ली म्हणजे अकोल्याची जठारपेठ, आणि तिथलं अब्बांचं गाद्या भरायचं दुकान. कापूस पिंजायचं मशीन, खोळींची चळत, आणि सगळ्यावर पांढरं पांढरं तरंगणारं. या विषयाची मला लाज वाटत होती असं नाही, पण याला कोणी अभ्यास म्हणेल असंही वाटत नव्हतं. इलाज नव्हता. पहिल्या वर्षी प्रकल्पात जो नापास त्याची वसतिगृहातली जागा गेली, असा नियम होता. आणि वसतिगृह गेलं की माझं कॉलेज गेलं. अब्बांनी घरातल्या सगळ्यांची तोंडं बंद करून मला एका सालाची मुदत मिळवून दिली होती. "एक साल देखो," ते अम्मीला म्हणाले होते, "फिर बोलो." ते साल आता संपत आलं होतं.

म्हणून सुट्टीत घरी गेल्यावर मी दुकानात बसले आणि अब्बांना प्रश्न विचारायला लागले. अब्बा मितभाषी, पण कामाबद्दल विचारलं की खुलायचे. त्यांनी सांगितलं की आधी गावाकडचं गिऱ्हाईक पोरीच्या लग्नाची गादी भरायला घरचा नवा कापूस घेऊन यायचं. आता नवा सगळा बाजारात जातो, आणि लोक जुनी गादी उसवून तोच कापूस पुन्हा पिंजून नव्या खोळीत भरून मागतात. पिकवणाऱ्याच्याच घरात नवा कापूस अंगाखाली येत नाही. आणि ते म्हणाले, "मानूस झूट बोलते, गादी नाई बोलत." मी हे सगळं हरखून उतरवून घेतलं. निघताना अब्बांनी मात्र बजावलं, "बेटा, मेरा नाम मत लिखना." मी कबूल केलं.

आता माझी अडचण लक्षात आली असेल. अब्बांना शब्द दिलेला, आणि सरांचा कायदा नावाचा. मी त्यातून पळवाट काढली. सगळीकडे 'जाणकारांच्या मते' लिहून टाकलं. वर्गात वाचायला उभी राहिले आणि दुसऱ्याच ओळीला सरांचे डोळे मिटले.

"नाव घ्या, लेखक."

बाकं बडवली जाऊ लागली. नाव घ्या, नाव घ्या! मी कागदातून मान वर केली नाही. पोरांना वाटलं लाजते आहे, त्यांनी जोर चढवला.  सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "वाक्य चांगले हायेत," ते म्हणाले, "पन बिननावाचे मी घेत नाई. नाव आना, नाईतं वाक्य काढा." ती वाक्यं काढली तर प्रकल्पात पुन्हा माझा रोल नंबरच उरत होता.

तास संपल्यावर मी त्यांच्यामागे धावत गेले आणि अब्बांचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांचा चेहरा उलट उजळला. "नाई म्हने? सोता होऊन नाई म्हने? मंग या मानसाले भेटाच लागते. इचारा त्याहिले, येऊ काय म्हनाव."

पुढच्याच सुट्टीत, दुपारच्या उन्हात, सर बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोल्याला आले आणि दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. "नमस्कार. तुमचा पत्ता मले तुमच्या लेकीनं देल्ला, आन् नाक्यावरच्या पानवाल्यानं दुरुस्त केला."

अब्बा गोंधळले. खांद्यावरच्या फडक्याने त्यांनी बाकडं पुसलं, मशीन बंद केलं, चहा सांगितला. "बसा जी सर. पोरीचं काई चुकलं काय?"

"काईच नाई चुकलं. मले तुमचं नाव पायजे."

अब्बांचा चेहरा उतरला. ते शिक्षकांसमोर कधी मोठ्याने बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. "सर, बुरा नका मानू. फारमवाले येऊन गेले मागं. नावं लेहून घेतली, फोटो काढले. पुढं काय झालं कोनाले मालूम? आन् आपल्याकडच्या मानसाचं नाव पेपरात कवा येते? मेल्यावर. मी आजून जित्ता हाय." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "आन् लोक माया भरोशावर घरची गादी उसवतात जी. तिच्यातून काय निंगालं थे मी गावाले सांगू? आमच्या धंद्यात थे हराम हाय."

  सरांनी चहाचा घोट घेतला. मग खिशातून ती कात्री काढली आणि अब्बांच्या हातात ठेवली.

"हे घ्या. पोरगी वाचन, तुमी ऐका. जे तुमाले नको थे कापा. मी बोलनार नाई, पोरगी बी बोलनार नाई."

मी वाचायला लागले.  माझं पुस्तकी मराठी अब्बांना सगळं कळत नव्हतं, पण ते कान देऊन ऐकत होते. मधेच त्यांनी हात केला. खेड्याकडची एक बाई पोरीच्या लग्नासाठी जुनी गादी घेऊन आली होती, तिच्यावर मी अख्खा परिच्छेद लिहिला होता, गावासकट. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. अब्बांनी कागद घेतला. "हे नको. तिची पोरगी सासरी नांदून राह्यली. तथी कोनी वाचलं तं?" आणि खोळीचं कापड कापावं तसं त्यांनी ते सरळ रेषेत कापलं. माझ्या प्रकल्पातला माझा सगळ्यात आवडता भाग होता तो. मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, मी मिटलं.

पुढे ते गादी खोटं बोलत नाही हे वाक्य आलं. अब्बा पुन्हा थांबले. कात्री चालवली नाही, नुसती मान हलवली.

"हे मायं नाई. हे माये अब्बा म्हनत. मी त्याहिच्याकडून ऐकलं."

सर उभे राहिले. आजूबाजूला पिंजलेल्या कापसाचे ढीग, त्यांच्या भुवयांवर, मिशीवर पांढरं साचलेलं, आणि हा माणूस राष्ट्रगीताला उभं राहावं तसा ताठ उभा. कॉलेजात प्राचार्य आले तरी ते खुर्चीतून अर्धेच उठायचे.  आयुष्यात पुढे मी मोठमोठ्या विद्वानांची भाषणं ऐकली, पदव्या घेतल्या, पण ज्ञानापुढे माणूस उभा कसा राहतो हे मी पाहिलं ते जठारपेठेतल्या त्या दुकानात.

"हसनभाई," सर म्हणाले, "मी पोराहिच्या तोंडातून हे ओढून काढतो. तुमी न मांगता देल्लं."

 अब्बांनी कात्री फडक्याने पुसली, परत दिली. सर ती खिशात ठेवून निघायला वळले, नावाचा विषय त्यांनी पुन्हा काढलाच नाही. पायरीवरून खाली उतरले तेव्हा अब्बाच मागून म्हणाले, "सर. लेहाचं असन तं पूरं लेहा. शेख हसन शेख गुलाब. म्हंजे माया अब्बाचंबी येते त्याच्यात."

"पूरं लेहू," सर म्हणाले.

"आन् मानूस जित्ता हाय, हे लेहेता येते काय?"

सर हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "येते ना. नावापुढं 'प्रत्यक्ष भेट' लेहेतो आमी. भेटते थो जित्ताच असते."

पुढच्या आठवड्यात मी वर्गात पुन्हा उभी राहिले. दुसऱ्या ओळीला सरांनी डोळे मिटले, वर्गाने बाकांवर हात उगारले, आणि कोणी काही म्हणायच्या आत मी नाव घेतलं. पूर्ण घेतलं, ऐटीत घेतलं. उगारलेले हात तसेच राहिले. मग एक बाक वाजलं, मग सगळी वाजली. प्रकल्प पास झाला, वसतिगृहातली जागा राहिली. प्रकल्पाची टाईप केलेली प्रत मी अब्बांना दाखवली, तेव्हा त्यांनी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं आपलं नाव बोटाने चाचपून बघितलं. अम्मीला म्हणाले, "देखो, जिंदा आदमी का नाम है." सालाच्या मुदतीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. मी त्याच वाटेने चालत राहिले आणि आज मीच पोरांच्या निबंधांसमोर बसते. कात्री ठेवायची मात्र मला हिंमत झालेली नाही.

अब्बा मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यानंतर मी हा लेख लिहिला आणि छापायला द्यायच्या आधी अमरावतीला सरांकडे घेऊन गेले. ते आता फार थकले आहेत, कानाला कमी ऐकू येतं, पण खिशात कात्री आहे. मी मोठ्याने वाचत होते, ते हात पुढे करून कागद मागत होते. पहिला परिच्छेद गेला, ते मी धरूनच चालले होते. मग त्यांनी जिथे जिथे त्यांचं नाव होतं ते एकेक करून कापायला सुरुवात केली. शेजारच्या अक्षराला धक्का लागत नव्हता.

"सर, हे काय?" मी ओरडले. "बिननावाचं तुम्हाला चालत नाही ना?"

"हसनभाईले कापू देल्लं," ते म्हणाले, "मले काहून नाई देत? ज्याच्यावर लेहेता त्याच्या हाती कात्री द्या लागते, लेखक."

 कापता कापता ते अब्बांच्या नावापाशी आले आणि थांबले. मी म्हटलं, "सर, ते आता नाहीत. तिथलं 'प्रत्यक्ष भेट' मला काढावं लागेल."

त्यांनी कात्री मिटून खिशात ठेवली.

"काहून काढता? भेट झाल्ती ना? मी होतो तथी. मी सांगतो झाल्ती म्हनून."

आपली कापलेली नावं त्यांनी मुठीत गोळा केली, मला दिली नाहीत. म्हणून या लेखात माणसाचं नाव एकच आहे, आणि ते मी पूर्ण घेते: शेख हसन शेख गुलाब, गाद्या भरणारे, जठारपेठ, अकोला. प्रत्यक्ष भेट.